आयर्लंडच्या सिनेटमध्ये आपला प्रश्न कसा पोचवायचा: नवीन आलेल्यांसाठी

डब्लिनला नाहीतर कॉर्कला येऊन वर्ष दीड वर्ष झालंय, पगारातून टॅक्स कापला जातोय, आयआरपी कार्ड, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पाकिटात आहे आणि कुठल्यातरी सरकारी नियमापाशी घोडं अडलंय. अशा वेळी आपल्या माणसांचं ठरलेलं बोलणं असतं, आपण पडलो बाहेरचे, आपलं इथे कोण ऐकणार. मीपण पहिली काही वर्षं असंच धरून चालले होते आणि तो वेळ वाया गेला असं मला आज मनापासून वाटतं, कारण इथे सिनेटरला लिहायला नागरिकत्व लागत नाही, ओळख लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त नीट लिहावं लागतं. तर तुमचा प्रश्न सिनेटर सभागृहात कसा उचलतो, आणि त्याने तो उचलावा म्हणून आपण काय करायचं, ते मी जसं समजत गेले तसं पायरी पायरीने सांगते.

आधी शब्द समजून घ्या

इथल्या संसदेला इराख्तस म्हणतात. खालचं सभागृह डॉइल, तिथल्या सदस्याला टीडी म्हणायचं, नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपासून असे १७४ टीडी आहेत. वरचं सभागृह म्हणजे शॅनड, हीच सिनेट, ६० सिनेटर. पंतप्रधानाला टीशख म्हणतात, मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं असलेले लिओ वराडकर दोनदा त्या पदावर होते त्यामुळे हा शब्द कानावरून गेलाच असेल. शॅनडच्या सभापतीला काहीरलख म्हणतात. दोन्ही सभागृहं डब्लिनमध्ये किल्डेअर स्ट्रीटवरच्या लेन्स्टर हाऊसमध्ये भरतात.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला शॅनड समजायला फार वेळ लागत नाही, कारण आपल्याकडे विधान परिषद आहे. तिथे ७८ पैकी २२ आमदार महापालिका, जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांमधून येतात, ७ पदवीधर मतदारसंघातून, ७ शिक्षकांमधून, १२ राज्यपाल नेमतात. इथे ११ सिनेटर टीशख नेमतो, ६ विद्यापीठांच्या पदवीधरांनी निवडलेले असतात, ३ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे आणि ३ नॅशनल युनिव्हर्सिटीचे, आणि उरलेले ४३ पाच पॅनलमधून येतात: शेती, कामगार, उद्योग-व्यापार, प्रशासन, संस्कृती-शिक्षण. आपल्या राज्यसभेतले १२ नियुक्त सदस्य आहेत ना, ती कल्पना भारताच्या घटनाकारांनी आयर्लंडच्या घटनेवरूनच घेतली.

आता या ४३ जणांना मत कोण देतं? नवीन टीडी, मावळते सिनेटर आणि देशभरातले ९४९ नगरसेवक, म्हणजे सिटी आणि काउंटी कौन्सिलर. नगरसेवकांची संख्या बघा, ती टीडींच्या पाचपट आहे. आणि त्या नगरसेवकाला मत कोण देऊ शकतं? इथे राहणारा अठरा वर्षांवरचा कोणीही, भारतीय पासपोर्टवालासुद्धा. हे आपल्यातल्या कितीतरी लोकांना माहीतच नसतं. डॉइलसाठी आपल्याला मत नाही, सार्वमताला नाही, पण स्थानिक निवडणुकीत आहे आणि उभंसुद्धा राहता येतं. शेवटची स्थानिक निवडणूक ७ जून २०२४ ला झाली, पुढची २०२९ मध्ये. म्हणजे तुमच्या मतावर नगरसेवक आणि नगरसेवकाच्या मतावर सिनेटर, अशी साखळी आहे, आणि ती साखळी सिनेटर लोकांना तोंडपाठ असते, नगरसेवकाने फोन केला तर ते सहसा टाळत नाहीत.

म्हणून पहिली पायरी ही: आजच मतदार यादीत नाव घाला

चेक द रजिस्टर नावाची सरकारी साइट आहे, पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख नंबर), जन्मतारीख आणि एअरकोड (घराचा पोस्टल कोड) टाकला की काम होतं. निवडणूक लांब आहे म्हणून थांबू नका. यादीत नाव असलं की नगरसेवकाला लिहिताना "मी तुमच्या भागातली मतदार आहे" हे वाक्य खरं लिहिता येतं आणि त्या वाक्याला वजन असतं.

ज्यांनी इथे एमएस किंवा बीटेक वगैरे केलंय आणि पुढे आयरिश नागरिकत्व घेतलंय त्यांना आणखी एक दार आहे. आत्तापर्यंत विद्यापीठाच्या ६ जागा फक्त ट्रिनिटी आणि नॅशनल युनिव्हर्सिटीच्या पदवीधरांच्या होत्या, खरं तर १९७९ मध्येच सार्वमताने घटनादुरुस्ती होऊन इतर संस्थांना मत द्यायची वाट मोकळी झाली होती, पण त्यावर कायदा काही झाला नाही, शेवटी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुनावलं आणि २०२४ ला कायदा आला. त्यानुसार ६ जागांचा एकच उच्चशिक्षण मतदारसंघ होणार आणि लेव्हल ७ (साधी बॅचलर) किंवा वरची आयरिश पदवी असलेल्या नागरिकांना त्यात मत असणार. नागरिकत्वाचा समारंभ झाला की फोटो टाकता ना, त्याच आठवड्यात या यादीचं पण बघून टाका.

सिनेटर काय करू शकतो आणि काय नाही

हे नीट कळलं नाही तर अपेक्षाभंग होतो, म्हणून इथे थोडं थांबते. सिनेटर तुमचं व्हिसाचं काम करून देणारा माणूस नाही. शॅनडला सरकार पाडता येत नाही, बजेटसारख्या पैशाच्या विधेयकावर २१ दिवसांत शिफारसी करता येतात एवढंच, बाकी विधेयकं फार तर ९० दिवस अडवता येतात. या सभागृहाचा उपयोगच काय असं म्हणून ते बरखास्त करायला ४ ऑक्टोबर २०१३ ला सार्वमत घेतलं होतं आणि ५१.७ टक्के लोकांनी नाही म्हटलं, म्हणून ते टिकलं. मला विचाराल तर लोकांनी बरोबर केलं. कारण इथे मंत्र्याला किंवा राज्यमंत्र्याला समोर उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि बोललेला शब्द न् शब्द अधिकृत नोंदीत छापला जातो, इराख्तसच्या साइटवर कायमचा राहतो, शोधता येतो. सरकारी खात्याने तुम्हाला ईमेलवर काय कळवलं ते तुम्हालाच माहीत असतं, पण मंत्री सभागृहात बोलला की ते जगाला माहीत.

टीडीकडे एक गोष्ट आहे जी सिनेटरकडे नाही, लेखी संसदीय प्रश्न. टीडीने असा प्रश्न टाकला की खात्याला लेखी आकडे द्यावे लागतात. सिनेटरला तो विचारता येत नाही. त्यामुळे हुशार लोक दोन्ही वापरतात, आधी आपल्या भागातल्या टीडीकडून आकडे काढून घ्यायचे आणि मग ते आकडे सिनेटरच्या हातात द्यायचे. टीडी आणि नगरसेवक आठवड्याला किंवा महिन्याला लोकांना भेटायला बसतात त्याला इथे क्लिनिक म्हणतात, दवाखान्याशी संबंध नाही, बिनधास्त जा.

मुद्दा सभागृहात नेण्याचे रस्ते

सगळ्यात सोपा रस्ता ऑर्डर ऑफ बिझनेस. शॅनड साधारण मंगळवार, बुधवार, गुरुवार भरते आणि दिवसाचं कामकाज ठरवताना सिनेटर एकामागून एक उठून दोन-दोन, तीन-तीन मिनिटं कुठल्याही सार्वजनिक विषयावर बोलतात. आपल्या विधिमंडळात औचित्याचा मुद्दा मांडतात तसंच काहीसं. उत्तर देतो सभागृह नेता, खात्याचा मंत्री नाही, त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा "मी मंत्र्यांना कळवतो" एवढंच असतं. तरी नोंद होते, क्लिप मिळते, लोकल पेपरात बातमी येते. एखादा सिनेटर अजून पुढे जाऊन कामकाजात दुरुस्ती सुचवतो की आजच मंत्र्याला इथे बोलवा, दुसऱ्याने अनुमोदन दिलं की त्यावर मतदान मागता येतं.

दुसरा रस्ता कमेन्समेंट मॅटर, आणि नवीन माणसाने माझ्या मते यावरच लक्ष द्यावं. हा आपल्या लक्षवेधीचा भाऊ. सिनेटर आधी लेखी नोटीस देतो, एका ठरावीक मंत्र्याच्या नावाने, आलेल्या नोटिसांतून काहीरलख रोज मोजक्याच निवडतो. निवड झाली की दिवसाच्या सुरुवातीलाच सिनेटर चारेक मिनिटं विषय मांडतो, मंत्री उत्तर वाचतो, मग सिनेटरला थोडा वेळ मिळतो उलट विचारायला. बऱ्याचदा त्या खात्याचा मंत्री येतच नाही, दुसऱ्याच खात्याचा राज्यमंत्री येऊन कागद वाचून दाखवतो आणि सिनेटर त्यावर नाराजी पण व्यक्त करतात. पण तो कागद खात्याने लिहिलेला असतो, तेव्हा कोण वाचतंय यापेक्षा कागदात काय आहे ते महत्त्वाचं.

तिसरा रस्ता चालू विधेयकात दुरुस्ती. विधेयकाचे पाच टप्पे असतात, तिसऱ्याला कमिटी स्टेज म्हणतात, आणि शॅनडमध्ये तो टप्पा पूर्ण सभागृहात चालतो, कलमावर कलम घेत. तुमच्या विषयाशी संबंधित विधेयक येतंय असं कळलं तर दुसरा टप्पा आणि कमिटी स्टेज यांच्या मधे ईमेल पाठवा, त्यानंतर पाठवलेलं बहुतेक वाया जातं. एक अडचण सांगून ठेवते, सरकारी तिजोरीवर बोजा पडेल अशी दुरुस्ती सिनेटरने दिली तर ती नियमबाह्य ठरते. म्हणून अनुभवी सिनेटर "इतके पैसे द्या" असं लिहीत नाहीत, "मंत्र्याने सहा महिन्यांत या विषयावर अहवाल सभागृहापुढे ठेवावा" असं लिहितात. तुम्ही मागणी लिहितानाच ही सोय करून दिलीत तर त्यांचं काम हलकं होतं.

दुरुस्तीने काय होऊ शकतं याचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. आयर्लंडमध्ये २०१५ पर्यंत आईवडिलांना मुलाला मारल्याबद्दल "वाजवी शिक्षा" असा बचाव कोर्टात घेता यायचा, जुन्या इंग्रजी कायद्यातून आलेला. सिनेटर जिलियन व्हॅन टर्नहाउट यांनी चिल्ड्रन फर्स्ट विधेयकाच्या वेळी हा मुद्दा लावून धरला, सरकारशी बोलून बोलून दुरुस्ती पदरात पाडून घेतली आणि तो बचाव कायद्यातून गेला. व्हॅन टर्नहाउट टीशखने नेमलेल्या सिनेटर होत्या, कुठल्या पक्षाच्या पण नव्हत्या.

चौथा रस्ता सिनेटरचं स्वतःचं विधेयक, याला वर्षं लागतात. लहान मुलं गाडीत असताना सिगरेट ओढायला बंदी, हे विधेयक २०१२ मध्ये कॅन्सरचे डॉक्टर असलेले सिनेटर जॉन क्राउन यांनी, जिलियन व्हॅन टर्नहाउट आणि मार्क डेली यांना सोबत घेऊन आणलं, कायदा झाला २०१४ ला, लागू झाला १ जानेवारी २०१६ ला. सुपरमार्केट चालवणारे फर्गल क्विन सिनेटर होते, त्यांनी बांधकामातल्या छोट्या सबकॉन्ट्रॅक्टरचे पैसे अडकतात म्हणून २०१० मध्ये विधेयक आणलं, कायदा २०१३ ला झाला, अंमल २०१६ ला. आणि मेरी रॉबिन्सन, ज्या पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्यांनी १९७१ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर गर्भनिरोधकांवरची बंदी उठवणारं विधेयक आणलं तर त्याला पहिल्या वाचनाची परवानगीसुद्धा मिळाली नाही. कायदा बदलला तो १९७९ मध्ये, तोही अर्धवट, फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर. आठ वर्षं गेली, पण विषय सभागृहाच्या दारात आला होता तो परत कोणी घालवू शकलं नाही.

कुणाला लिहायचं

साठच्या साठ जणांना एकच ईमेल पाठवू नका, कृपा करून. तसे ईमेल त्यांना ढिगाने येतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी बघेल. तीन किंवा चार निवडा. पॅनलचं नाव बघून फार काही कळत नाही, शेती पॅनलवरचा सिनेटर घरांच्या प्रश्नावर बोलताना दिसेल, कारण पॅनल हे निवडून यायचं दार आहे, विषयाची हद्द नाही. त्याऐवजी इराख्तसच्या साइटवर तुमचा विषय टाकून चर्चा शोधा, गेल्या दोन वर्षांत त्यावर कोण कोण बोललंय ते दिसेल. अपंगांच्या हक्कांवर टॉम क्लोनन सातत्याने बोलतात, आयलीन फ्लिन या ट्रॅव्हलर म्हणजे आयर्लंडमधल्या पारंपरिक भटक्या समाजातून संसदेत आलेल्या पहिल्या बाई, २०२० ला नेमलेल्या आणि २०२५ ला निवडून आलेल्या, वंशभेदाचा विषय त्यांना नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

मग चौघांत एक तुमच्या काउंटीत राहणारा असू दे, बरेच सिनेटर पुढे डॉइलला उभे राहणार असतात किंवा आधी राहिलेले असतात, त्यांना गावातला प्रश्न हवाच असतो. एक सत्ताधारी पक्षातला घ्या, तो सभागृहात कमी ओरडेल पण मंत्र्याच्या ऑफिसात जाऊन बोलेल. एक विरोधातला किंवा अपक्ष घ्या, तो सभागृहात बोलेल. आणि चौथा तो, ज्याने हा विषय आधी काढलाय.

प्रश्न बारीक करणं, खरी मेहनत इथे आहे

"स्थलांतरितांना फार त्रास होतो" यावर कोणी काही करू शकत नाही. मंत्री उत्तर देईल की सरकारला याची जाणीव आहे, झालं, संपलं. प्रश्न असा हवा की त्याला तारीख, आकडा किंवा हो-नाही असं उत्तर द्यावंच लागेल.

समजा ड्रायव्हिंगचा विषय आहे. भारतीय लायसन्स इथे थेट बदलून मिळत नाही, लर्नर परमिटपासून सुरुवात करून परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षेची तारीख मिळायला किती थांबावं लागतं ते गावाकडे राहणाऱ्याला विचारा. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारी आपली मुलगी काउंटी मेयोमध्ये असेल तर गाडीशिवाय तिची नोकरीच होत नाही. इथे नुसतं "लवकर परीक्षा घ्या" म्हणू नका. सरकारचं स्वतःचं उद्दिष्ट दहा आठवड्यांचं आहे, तर असं लिहा: अमुक केंद्रावर आज किती आठवडे लागतात, ते दहावर कोणत्या महिन्यात येणार, आणि घरगुती सेवा देणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना प्राधान्य मिळतं का. तीन प्रश्न, तिन्हीला ठोस उत्तर लागतं.

विषय कुठल्या खात्याचा ते आधीच शोधून ठेवा, कारण नोटीस चुकीच्या मंत्र्याच्या नावाने गेली तर आठवडा जातो. आयआरपी आणि व्हिसा न्याय खात्याकडे, वर्क परमिट एंटरप्राइझ खात्याकडे, ड्रायव्हिंग ट्रान्सपोर्टकडे, नर्सचं रजिस्ट्रेशन आरोग्य खात्याच्या कक्षेत, मुलाला शाळेत जागा शिक्षण खात्याकडे. वर्क परमिट एकाकडे आणि तोच माणूस इथे राहण्याचा शिक्का दुसऱ्याकडे, यात आपले लोक कायम गोंधळतात.

आणि अशा मागण्यांनी काही बदलत नाही असं समजू नका. जनरल वर्क परमिटवाल्यांच्या नवरा-बायकोला वेगळं परमिट काढल्याशिवाय काम करता येत नव्हतं, किती घरं त्यात भरडली गेली, त्यावर संघटना, टीडी, सिनेटर सगळे बोलत राहिले, आणि मे २०२४ पासून त्यांना स्टॅम्प १जी, म्हणजे वेगळ्या परमिटशिवाय काम करू देणारा शिक्का, मिळायला लागला.

पत्र कसं लिहायचं

एक पान, त्याहून जास्त नाही. माझं पहिलं पत्र तीन पानांचं होतं, त्यात माझी सगळी कहाणी होती आणि मागणी शेवटच्या ओळीत, उत्तर आलं फक्त पोच मिळाल्याचं. आता मी असं लिहिते: विषयाच्या ओळीत "कमेन्समेंट मॅटरसाठी विनंती" आणि विषय. पहिल्या वाक्यात मी कोण, कुठे राहते, काय काम करते. दुसऱ्यात नियम काय आहे. तिसऱ्या-चौथ्यात त्याने एका माणसाचं नेमकं काय झालं, तारखांसकट. मग तीन प्रश्न. शेवटी फोन नंबर, आणि एवढं वाक्य की हवी असेल ती माहिती मी एका दिवसात देईन. सिनेटरकडे मदतनीस फार नसतात, त्यामुळे जो तयार मजकूर देतो त्याचं आधी होतं, हे साधं आहे.

दुसऱ्या कुणाची गोष्ट लिहिताय तर त्या व्यक्तीची परवानगी घ्या आणि नाव, आजार, पासपोर्ट नंबर असलं काही घालू नका. सभागृहात बोललेल्या शब्दाला घटनेचं संरक्षण आहे, सिनेटरवर खटला होत नाही, पण तुमच्या मैत्रिणीचं नाव एकदा नोंदीत छापलं गेलं की ते निघत नाही. कंपनीचं किंवा अधिकाऱ्याचं नाव घेऊन आरोप करायला लावू नका, सभागृहाबाहेरच्या माणसाचं नाव आलं की काहीरलख लगेच थांबवतो आणि तुमची दोन मिनिटं त्यातच जातात. कोर्टात चालू असलेलं प्रकरण तर नकोच.

मंडळाच्या वतीने लिहिणार असाल तर २०१५ चा लॉबिंग कायदा, म्हणजे लोकप्रतिनिधींकडे मागण्या घेऊन जाणाऱ्यांना नोंद करायला लावणारा कायदा, माहीत असू दे. स्वतःच्या खाजगी प्रश्नावर लिहिणाऱ्याला तो लागत नाही, सगळे स्वयंसेवक असलेल्या आपल्या मराठी मंडळांना पण सहसा नाही, पण संस्थेत पगारी माणूस ठेवलेला असेल तर रजिस्टरवर नोंद करायची का ते लिहिण्याआधी तपासा.

दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा, लाजू नका. तरी काही नाही तर तुमच्या नगरसेवकाला सांगा की मी अमक्या सिनेटरला लिहिलंय, तुम्ही जरा बोलता का. वर ती साखळी सांगितली ना, ती इथे कामाला येते.

त्या दिवशी आणि त्यानंतर

विषय लागला की इराख्तसच्या साइटवर थेट प्रक्षेपण बघा. मंत्र्याचं उत्तर ऐकताना वही घेऊन बसा आणि फक्त तीन प्रकारची वाक्यं लिहून घ्या, ज्यात तारीख आहे, ज्यात आकडा आहे, ज्यात "आढावा चालू आहे" असं काही आहे. मागे वळून काय काय केलं याची यादी मंत्री वाचेलच, ती सोडून द्या. छापील नोंद आली की ती वाक्यं तिथून जशीच्या तशी उचला, लिंक जपून ठेवा.

मग त्याच दिवशी सिनेटरला आभाराचं लिहा आणि ज्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तो एक प्रश्न पुन्हा लिहा. ज्या मैत्रिणीसाठी हे केलं तिला लिंक पाठवा. आणि टीडीला सांगा की मंत्री अमुक तारखेला असं म्हणाले, त्यावर आता लेखी प्रश्न टाका.

शेवटची गोष्ट फोनमध्ये करायची आहे. मार्क डेली यांनी शॅनडमध्ये आणलेलं आयरिश साइन लँग्वेजचं विधेयक २४ डिसेंबर २०१७ ला सही होऊन कायदा झालं, बहिऱ्या लोकांनी त्यासाठी कितीतरी वर्षं घालवली होती, आणि तो कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला डिसेंबर २०२० उजाडला, पूर्ण तीन वर्षं. तेव्हा मंत्र्याने जी तारीख दिली असेल ती कॅलेंडरमध्ये घाला, आणि तिच्या दोन आठवडे आधीची एक आठवण लावा, सिनेटरला पुढचं पत्र लिहायला.